जिव्हाळीचा प्रश्न

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, "तुमच्याकडे रात्री दोन वाजता टायपिंग कोण करतं हो?" मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, तेव्हा संशय माझ्यावर येणं साहजिक होतं. पण आमच्या घरात टाइपरायटर नाही. बंड्या आहे. वजन २२ किलो, रंग तांबूस, पुढच्या डाव्या पायात जन्मजात पांढरा मोजा, कूळ रस्त्याचं. तो रात्री दोनला पाणी प्यायला हॉलमधून स्वयंपाकघरात जातो. जाताना टकटक, येताना टकटक, आणि पाण्याचं भांडं खणखणलं की ओळ संपल्याची घंटी.

त्या दिवसापासून मी श्वाननखकर्तन या विषयात लक्ष घातलं, त्याला आता चार वर्षं झाली. या काळात मिळालेलं ज्ञान बहुतांशी चुका करून मिळालं आहे. ते इतरांना फुकटात मिळावं हे मनाला पटत नाही. तरीही लोकहितास्तव पुढे देत आहे.

लक्षणं

शासनाच्या टायपिंग परीक्षेत मराठीच्या दोन गती असतात, मिनिटाला ३० शब्दांची आणि ४० शब्दांची. कुत्र्याच्या नखांचं निदान याच मापाने करावं. कुत्रा फरशीवरून गेला आणि काहीच ऐकू आलं नाही, तर नखं बेतात आहेत. तीसची गती ऐकू आली, तर कापायची वेळ झाली. चाळीसची ऐकू आली, तर वेळ केव्हाच टळली आहे आणि खालच्या मजल्यावर सोसायटीच्या नावे अर्ज लिहिणं चालू आहे.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी कुत्र्याला सपाट जागी उभं करून वाकून पाहावं. उभ्या कुत्र्याची नखं जमिनीला टेकता कामा नयेत. नखाखालून लग्नपत्रिकेचा कागद अडथळ्याविना सरकला पाहिजे. आमच्याकडे तो सरकेना. बंड्याने नंतर ती पत्रिका खाल्ली, त्यामुळे मुहूर्ताची वेळ कळली नाही आणि आम्ही थेट जेवायलाच पोहोचलो.

का कापावीत

हा प्रश्न आमच्या आईने उपस्थित केला. "वाड्यात मोत्या होता. त्याची नखं कोण कापायला गेलं होतं?"

प्रश्न बिनतोड होता, पण उत्तर आहे. मोत्या दिवसभर फरसबंदीवर, दगडी पायऱ्यांवर आणि डांबरी रस्त्यावर हिंडत असे, परसात खड्डे खणत असे आणि अनोळखी सायकलींच्या मागे धावत असे. त्याची नखं रोजच्या रोज आपोआप घासली जात. बंड्या सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं फिरतो, त्यातली दहा एकाच खांबापाशी जातात. उरलेला दिवस गुळगुळीत टाइल्सवर आणि सोफ्यावर. टाइल्सवर नखं झिजत नाहीत, सोफ्यावर सोफा झिजतो.

आता शरीररचनेकडे वळू. माणूस टाच टेकून चालतो, कुत्रा बोटांवर चालतो. त्यामुळे नख वाढलं की प्रत्येक पावलाला जमीन त्या नखाला वर ढकलते आणि नख बोटाला ढकलतं. आपल्या दहाही बोटांच्या टोकांखाली काड्यापेट्या बांधून कुणी चालायला सांगितलं, तर आपण काय करू? अंग मागे टाकून, पाय फाकवून, जपून चालू. कुत्रा तेच करतो. बोटं फाकतात, पंजाची ठेवण बिघडते, सांध्यांवर नको तो ताण येतो. टाइल्सवर तर पंजाच्या गादीऐवजी नखंच टेकतात, मग कुत्रा वळणावर घसरतो. तरुण कुत्रा घसरला की आपण हसतो. म्हातारा घसरला की कंबर धरून बसतो, कुत्राही आणि त्याला उचलणारे आपणही. शिवाय लांब नख सतरंजीत, गोधडीच्या दोऱ्यात किंवा दाराच्या फटीत अडकून उभं चिरतं, आणि ते दुखणं वाईट.

मांजराला हा प्रश्न एवढा छळत नाही, कारण त्याची नखं म्यानात जातात. कुत्र्याच्या नखांना म्यान नाही. मांजराच्याच घराण्यातला चित्ता या बाबतीत कुत्र्यासारखा. त्याची नखं पुरती आत जात नाहीत, धावताना ती खेळाडूच्या खिळ्यांच्या बुटांसारखी जमीन पकडतात. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत. त्यांच्या पंजाला हात लावणाऱ्या माणसाचं मी मनोमन स्मरण करतो आणि मगच बंड्याकडे जातो.

मोजदाद

सर्वसाधारण कुत्र्याला १८ नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. शिवाजी महाराजांच्या कारभारात अठरा कारखाने होते असं शाळेत शिकलो होतो. त्या अठरांची नावं मला कधी पाठ झाली नाहीत, पण या अठरांपैकी एकेकाचा स्वभाव आता मी सांगू शकतो. काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही जास्तीची नखं असतात. नॉर्वेत लुंडेहुंड नावाचा कुत्रा आहे, कड्याकपारींतले पफिन पक्षी पकडायला पाळलेला. त्याच्या प्रत्येक पायाला किमान सहा बोटं. म्हणजे २४. नॉर्वेच्या गृहस्थांबद्दल मला नितांत आदर वाटतो.

अठरांतली दोन नखं लबाड. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून वर, अंगठ्याचं नख लोंबतं. ते कामाला जात नाही, त्यामुळे झिजत नाही. नुसतं बसून वाढतं. प्रत्येक एकत्र कुटुंबात असं कुणीतरी असतंच. लक्ष दिलं नाही तर ते गोल वळून बोटाच्याच मांसात रुततं. केसाळ कुत्र्यात ते दिसतही नाही, तेव्हा बोटाने चाचपून शोधावं. बाकी सोळा विसरलात तरी ही दोन विसरू नयेत.

मुहूर्त

आमच्या आईच्या शास्त्राप्रमाणे सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार वर्ज्य. अमावास्या, एकादशी वर्ज्य. दिवेलागणीनंतर वर्ज्य. घरातलं कुणी गावाला गेलं असेल तर ते पोहोचल्याचा फोन येईपर्यंत वर्ज्य. मी म्हटलं, "आई, हे माणसांचं आहे. कुत्र्याला वार नसतात." ती म्हणाली, "घर तर एकच आहे ना?" नखावर नख वाजवलं की घरात भांडण होतं, हेही तिचंच. बंड्या दिवसाला हजारदा वाजवतो. आमच्या घरातल्या वातावरणाचा खुलासा मला अशा रीतीने झाला.

शास्त्र बाजूला ठेवलं तर हिशोब सोपा आहे. घरात राहणाऱ्या कुत्र्याची नखं साधारण ३ ते ४ आठवड्यांनी कापावी लागतात. डांबरी रस्त्यावर भरपूर चालणाऱ्याला त्याहून उशिरा चालतं, पण अंगठ्याच्या नखांना ही सवलत नाही. पावसाळ्यात बंड्या जिन्यातूनच आकाशाकडे पाहून परत फिरतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये नखं झिजणं बंद पडतं आणि पाळी लवकर येते. म्हातारपणी चालणं कमी झालं की तेच. दिवसातली वेळ म्हणाल तर फिरून आल्यावर, खाणं झाल्यावर, डोळे जड झाले असताना. घरात पाहुणे, फटाके किंवा क्रिकेटचा सामना चालू असताना हे काम काढू नये.

हत्यारं

न्हाव्याच्या धोपटीत पूर्वी नराणी असे. ती मांडी घालून पाटावर बसलेल्या माणसासाठी होती, पलंगाखाली सरपटत जाणाऱ्या प्राण्यासाठी नव्हे. आपला घरातला नेलकटरही चालत नाही, अगदी लहान पिल्लू असेल तर गोष्ट वेगळी. माणसाचं नख चपटं, कुत्र्याचं गोल आणि जाड. नेलकटर ते दोन बाजूंनी चेपतो आणि नख उभं तडकतं. कुत्र्यासाठी वेगळी कात्री मिळते; एक पकडीसारखी, दुसरीत भोकातून नख घालायचं आणि पातं सरकतं. मोठ्या कुत्र्याला पकडीसारखी बरी. धार हवी. बोथट पातं नख कापत नाही, चिरडतं.

विजेवर फिरून नख घासणारं यंत्रही मिळतं. मी आणलं. सुरू केल्याबरोबर घरात मिक्सर लागल्यासारखा आवाज झाला, बंड्या दिवाणाखाली गेला आणि रात्रीचं जेवण त्याने तिथेच मागवून घेतलं. हे यंत्र वाईट नाही. अनेक कुत्रे त्याला सरावतात. पण एकाच ठिकाणी धरून ठेवलं तर नख तापतं, आणि पंजाचे केस लांब असतील तर गुंडाळले जातात. आमच्याकडे सध्या आई त्यावर करवंटीच्या कडा गुळगुळीत करते.

मनुष्यबळ

पहिल्या वेळी आम्ही चौघं होतो. आमच्या मेहुण्यांचा सल्ला असा होता की प्राण्याला बळ दाखवलं की तो नमतो. त्यांनी पुढचे पाय धरले, मुलाने मागचे, हिने डोकं, आणि मी कात्री घेऊन, जावळाला आलेल्या न्हाव्यासारखा शांत चेहरा करून बसलो. बंड्या नमला नाही. त्याने काय केलं ते नीट सांगता येत नाही, कारण ते फार लवकर झालं. शेवटी पाहतो तर मेहुणे दिवाणावर, मुलगा दिवाणाखाली, बंड्या गॅलरीत आणि कापलेली नखं एकूण शून्य. त्यानंतर कित्येक महिने मेहुणे आले की बंड्या उठून आतल्या खोलीत जात असे. "माझ्या माहेरच्या माणसाला घरात एवढाच मान," असं ही म्हणाली. मी दोघांचीही बाजू घेतली नाही. बंड्याची मात्र मनातून घेतली.

तेव्हा दाबून धरणं हा मार्ग बाद. पहिला आठवडा कात्रीला हातच लावायचा नाही. रोज पंजा हातात घ्यायचा, एक बोट हलकेच दाबायचं, खाऊ द्यायचा, सोडून द्यायचं. कुत्र्याने पाय ओढून घेतला तर घेऊ द्यायचा, भांडायचं नाही. मग कात्री नुसती शेजारी ठेवायची आणि खाऊ द्यायचा. मग कात्रीचा आवाज ऐकवायचा. त्यासाठी मी खराट्याचे हीर कापत असे. कट्, खाऊ. कट्, खाऊ. हीर कापायला लागल्यापासून आठव्या दिवशी बंड्या कात्री पाहून शेपूट हलवू लागला आणि अंगण झाडणाऱ्या मावशी हिला म्हणाल्या, "वहिनी, खराट्याला टक्कल पडलंय."

खाऊ म्हणजे उकडलेलं अंडं, पनीरचा तुकडा, किंवा स्टीलच्या ताटाला पातळ फासलेलं दही. ताट चाटण्यात कुत्र्याची जी समाधी लागते, तेवढ्यात दोन नखं होतात. मनुके, बेदाणे आणि चॉकलेट मात्र कदापि देऊ नये, ते कुत्र्याला विषारी आहे. शेंगदाण्याचं लोणी द्यायचं असेल तर डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचावं. त्यात झायलिटॉल नावाची साखरेची बदली गोडी असेल, तर तेही विषच.

प्रत्यक्ष कृती

आता मुख्य गाभा. नखाच्या आत जो जिवंत, रक्ताचा, दुखणारा भाग असतो, त्याला आपल्या भाषेत जिव्हाळी हा शब्द आहे. शब्द इतका सुरेख की कात्री हातात घेण्याआधी तो एकदा उच्चारून पाहावा. हल्लीच्या मुलांना जिव्हाळा ठाऊक असतो, जिव्हारी लागतं तेही ठाऊक असतं, पण जिव्हाळी कुठे असते विचारलं तर मोबाइल काढतात. नखकर्तनाची अवघी विद्या म्हणजे जिव्हाळीच्या जवळ जायचं पण तिला शिवायचं नाही. निम्मी सरकारी नोकरी मी याच कौशल्यावर केली.

पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते, दिसत नसेल तर मोबाइलची बॅटरी नखामागे धरावी. बंड्याच्या पांढऱ्या मोज्यातली पाच नखं अशी पारदर्शक कारभाराची. उरलेली १३ काळीकुट्ट. तिथे काही दिसत नाही, म्हणून तिथे लोक घाबरून कापत नाहीत, किंवा घाबरून एकदम कापतात. दोन्ही चूक. काळं नख चकत्या-चकत्यांनी कापायचं, एकेक चकती मिलिमीटरभर. प्रत्येक चकतीनंतर थांबून नखाचं तोंड पाहायचं. आधी ते कोरडं, खडूसारखं, भुरभुरीत दिसतं. आणखी कापलं की मधोमध काळसर ठिपका उमटतो, टोक केलेल्या पेन्सिलीत शिसं दिसावं तसा. तो ठिपका म्हणजे जिव्हाळीच्या घराची पाटी. तिथून परत फिरायचं. मी सुरुवातीला "अजून थोडं" म्हणालो होतो. "अजून थोडं" हे शब्द या कामात, आणि लग्नाच्या पंगतीतही, धोक्याचे.

पंजा धरताना बोटाची गादी खालून हलकेच वर दाबली की नख पुढे येतं. पाय बाजूला ओढायचा नाही, तो नैसर्गिक ठेवणीत जेवढा उचलतो तेवढाच. कात्री तिरकी, नखाच्या वळणाने. पूर्ण सपाट काप घेतला तर कडा राहतात आणि त्या दुसऱ्या दिवशी आपल्या मांडीवर उमटतात.

आणि आता जे कुणी सांगत नाही ते. नखं वर्षभर वाढू दिली की जिव्हाळीही लांबत जाते, अगदी टोकापर्यंत येते. मग मालक म्हणतो, कापायला जागाच नाही. जागा आहे, पण ती एका बैठकीत मिळत नाही. टोकाचं चिमूटभर कापायचं, आठवड्याने पुन्हा चिमूटभर. नख आखूड होत गेलं की जिव्हाळी आत सरकते. आपण तिच्यावर धावून गेलो तर रक्त काढते. गोडीगुलाबीने गेलो तर स्वतःहून मागे होते.

दुर्घटना

होतेच. माझ्या हातून तिसऱ्या बैठकीत झाली, काळ्या नखात, "अजून थोडं"वर. बंड्या कुईं करून उठला आणि घरभर फिरून आला. टाइल्सवर लाल ठिपक्यांची पावलं उमटली. गौरी आल्यासारखी, देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत. रक्त दिसतं पुष्कळ, असतं थोडं. पण हे वाक्य मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी खाली बसलो आणि हिने आधी मला पाणी दिलं.

उपाय घरात आहे. न्हाव्याची तुरटी. पूड करून बोटाने नखाच्या टोकावर दाबून धरावी. जरा चुरचुरते, पण रक्त धरते. तुरटी नसेल तर कॉर्नफ्लोअर किंवा साधं पीठ. दाबून धरायचं म्हणजे दोन-तीन मिनिटं धरायचंच, दर पाच सेकंदांनी उचलून पाहायचं नाही. त्यानंतर कुत्र्याला थोडा वेळ बसवून ठेवायचं आणि त्या दिवशी अंगणात, मातीत सोडायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, नख मुळापासून उपटलं असेल, बोट सुजलं असेल, नखाला वास येत असेल किंवा एकामागून एक नखं आपोआप गळत असतील, तर मार्गदर्शनपर लेख बाजूला ठेवून जनावरांच्या डॉक्टरांकडे जावं.

आम्हीही गेलो होतो, रक्त थांबलेलं असताना, केवळ माझ्या समाधानासाठी. तिथे एका सडपातळ कंपाउंडरने बंड्याला टेबलावर घेतलं, गप्पा मारत मारत उरलेली सतरा नखं कापली आणि विचारलं, "कानही बघू का?" पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखा बंड्या बसून होता. परतताना त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांनी सरळ तिथे जावं, त्यात कमीपणा नाही. मला तो वाटला, म्हणून मी परत गेलो नाही.

त्याऐवजी घरात नवी पद्धत लागू केली. एका बैठकीत दोनच नखं. संध्याकाळी, आईची परवानगी असलेल्या वारीच, दह्याचं ताट, दोन नखं, उठा. नऊ बैठकांत अठरा. मग थोडी सुट्टी, मग पुन्हा पहिला पंजा. पुढच्या पायांसाठी फळीवर पॉलिश पेपर चिकटवून ठेवला आहे. त्यावर पंजा घासला की पनीर मिळतं हे बंड्याला दोन दिवसांत कळलं, आणि आता पनीर हवं असलं की तो स्वतःच फळीवर उभा राहून खरवडतो. अंगठ्याची नखं मात्र फळीला लागत नाहीत, तिथे कात्रीच.

काकूंची तक्रार थांबली आहे. घोळ फक्त नोंदींचा झाला. ज्या दिवशी नखं कापली, त्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चौकोनात '२' लिहीत गेलो. त्याच कॅलेंडरवर ही जादा दूध घेतलं की आकडा लिहिते. महिनाअखेर तिने बेरीज करून दूधवाल्याच्या हातावर पैसे ठेवले. तो गेटपर्यंत गेला, थांबला, पुन्हा मोजत जिना चढून वर आला आणि म्हणाला, "वहिनी, यातलं अठरा लिटर माझं नाही."